गाडीचा रंग आणि दोन बादल्या

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकात कला शाखेच्या विद्यार्थ्याने कविता लिहावी, फार तर एखादे प्रवासवर्णन लिहावे, अशी रीत आहे. मी मोटारगाडीच्या रंगावर आणि चाकांवर लिहिणार म्हटल्यावर एका मित्राने विचारले, “अरे, मग तू आय.टी.आय.ला का नाही गेलास?” त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. परंतु आमच्या घरी गाडी ही मिरवण्याची वस्तू नाही. ज्यांची शेती आहे त्यांना शेत, ज्यांचे दुकान आहे त्यांना दुकान, तशी आम्हाला आमची गाडी. बाबांनी बारा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि २०२१ साली पतसंस्थेचे कर्ज काढून एक जुनी पांढरी गाडी घेतली. भाड्याची गाडी, म्हणून पिवळी नंबरपट्टी. माझी कॉलेजची फी, बहिणीची पुस्तके आणि कर्जाचा हप्ता, सारे तिच्याच चार चाकांवर चालते. अशा गाडीचा रंग माझ्या हातून बिघडला, आणि त्यातून जे शिकलो ते या लेखात सांगायचे आहे.

घासणीचा प्रताप

आमचे गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठी. घरासमोर हापूसची दोन कलमे आहेत आणि त्यांच्या सावलीत गाडी उभी असे. २०२४ च्या जानेवारीत कलमे मोहरली. बागायतदारांच्या मुलांना ठाऊक असेल की, मोहराबरोबर तुडतुडे येतात. हे बारीक किडे मोहराचा रस शोषतात आणि त्यांच्या अंगातून एक गोडसर, चिकट द्रव पाझरतो. पानांवर तो पडला की पाने चकाकतात आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. आमच्या गाडीच्या बॉनेटवर आणि टपावर या चिकट्याचा असाच थर बसला. त्यावर रस्त्याची तांबडी धूळ चिकटली आणि पांढरी गाडी गेरूच्या रंगाची दिसू लागली.

बाबा दुपारचे निजले होते. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी कपडे धुण्याची पावडर घेतली, भांडी घासायची हिरवी घासणी घेतली आणि बॉनेट खसाखसा घासून काढले. फेस पांढराशुभ्र आला. मला वाटले, गाडी उजळली. पाणी ओतून ती वाळली तेव्हा कळले की उजळले काहीच नाही, उलट चकाकीच गेली आहे. सगळ्या बॉनेटवर गोल गोल ओरखडे उमटले होते आणि रंग धुक्याने भरलेल्या आरशासारखा दिसत होता.

बाबा उठून आले. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, “गाडी चकाचक करूक गेलंस आणि रंगच काढलंस मरे!”

खरी शिक्षा पुढे होती. त्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर कणकवली स्थानकावर गेलो होतो. मुंबईहून आलेले एक कुटुंब आमच्या गाडीजवळ आले. त्यांनी बॉनेटकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि पलीकडच्या गाडीत जाऊन बसले. इंजिन आमचे चांगले होते, टायर चांगले होते, बाबांचा हात तर नामांकित. परंतु प्रवासी इंजिन उघडून पाहत नाही, तो रंग पाहतो. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही एका रंगाऱ्याला गाडी दाखवली. बॉनेट पुन्हा रंगवायचे त्याने साडेतीन हजार रुपये सांगितले. तेवढे पैसे नव्हते. मात्र त्या रंगारीकाकांनी मला बसवून घेतले आणि एक तास जे समजावून सांगितले, ते साडेतीन हजारांहून मोलाचे निघाले. पुढे मीही वाचत गेलो, करून पाहत गेलो.

रंग म्हणजे किती?

आपल्याला वाटते, गाडीचा रंग म्हणजे चांगला जाड लेप असेल. प्रत्यक्षात कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन. तेव्हा सगळा रंग मिलिमीटरच्या एका दशांशाच्या आसपास, म्हणजे वहीच्या एका पानाएवढा! एवढ्याशा पानात पुन्हा चार मजले आहेत. पत्र्याला लागून गंजरोधक थर असतो. तो देण्यासाठी गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने रंग कानाकोपऱ्यात बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर दिसणारा रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक वार्निशचा थर, ज्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. हा वरचा थर ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. ऊन, पाऊस, धूळ आणि आमच्यासारख्यांची घासणी, सगळ्यांना तोंड द्यायचे काम याचेच. तो एकदा झिजला की पुन्हा वाढत नाही. झाडाची साल भरून येते, तसे इथे होत नाही.

काही गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या रंगाच्या स्वस्त गाड्यांवर, हा पारदर्शक थर नसतोही. आपल्या गाडीवर तो आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. थोडेसे पॉलिश एका फडक्यावर घेऊन कोपऱ्यात हलक्या हाताने चोळावे. गाडी पांढरी असेल तर फडके काळे घ्यावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर वार्निश नाही, आपण थेट रंगच झिजवत आहोत, असे समजावे. आमच्या काळ्या फडक्याला पांढरा रंग लागला. तेव्हा मला कळले की घासणीने मी चिकटा काढला नव्हता, रंगाचा खडूच उगाळला होता.

उन्हात उभ्या गाडीवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती आपण पाहिली असतील. पुष्कळांना वाटते की गोल हात फिरवल्यामुळे ती गोल पडतात. खरे तर ओरखडे सगळ्या दिशांनी असतात. परंतु प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून ते प्रकाशाभोवती गोल गुंफल्यासारखे भासतात. हात सरळ फिरवा की गोल, फडक्यात खडा असेल तर ओरखडा पडणारच.

रंगाचे वैरी

पहिला वैरी ऊन. उन्हातील अतिनील किरण रंगाला धरून ठेवणारे द्रव्य हळूहळू मोडतात. मग रंग फिका पडतो आणि बोट फिरवले तर भुकटी हाताला लागते. यावर औषध एकच, सावली. परंतु सावली कोणाची हेही पाहावे लागते. आंब्याखाली काय होते ते मी सांगितलेच. माडाखाली गाडी ठेवणाऱ्याला तर रंगाची काळजी करायची पाळीच येत नाही, एक नारळ पुरतो. आम्ही बांबू उभे करून त्यावर झाप घातले आणि छोटा माटव केला. झाप घरचेच, बांबू शेजाऱ्यांचे. त्याला खर्च आला तो सुंभाचा.

दुसरा वैरी पक्ष्यांची विष्ठा. तिच्यातील आम्ल रंगाला खाते. शिवाय उन्हाने तापलेला रंग थोडा मऊ होतो आणि थंड झाल्यावर त्या डागाभोवती आवळून बसतो, म्हणून डाग तसाच राहिला तर खाली कायमची खूण उरते. अशा वेळी नखाने खरवडू नये. ओले फडके त्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि मऊ झाल्यावर अलगद उचलून घ्यावे. आंब्याच्या चिकट्यालाही हाच उपाय, फक्त पाणी कोमट हवे. ही गोष्ट कळली तेव्हा मला स्वतःचीच कीव आली. तो चिकटा म्हणजे बहुतांशी साखरच. कोमट पाण्यात जी आपोआप विरघळली असती, तिच्यासाठी मी रंग सोलून काढला!

तिसरा वैरी धूळ. आपल्या कोकणची तांबडी धूळ जांभ्या दगडाची. भूगोलाच्या तासाला सरांनी शिकवले होते की जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात. तेव्हा ते मी परीक्षेपुरते पाठ केले. गाडीच्या बॉनेटवर त्याचा अर्थ कळला. ही धूळ म्हणजे पिठी नव्हे, बारीक कच आहे. कोरड्या फडक्याने ती पुसणे म्हणजे पॉलिश पेपरने गाडी पुसणे.

चौथा वैरी समुद्राची हवा. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते हे आपण सर्वजण पाहतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. तेच मीठ वाऱ्याबरोबर येऊन गाडीवर आणि गाडीखाली बसते, पत्र्याला सतत ओला ठेवते आणि खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने गंजते. गंज सुरू होतो तो नजरेआड, म्हणजे चाकाच्या वरच्या कमानीत, दाराच्या खालच्या कडेला आणि खडी उडून रंगाचा टवका गेला असेल तिथे. प्रत्येक दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोके असतात. चिखलाने ती बुजली की दारात पाणी साठते आणि दार आतून कुजते. नारळाच्या झाडूतील एक हीर घेऊन महिन्यातून एकदा ती मोकळी करावी. याहून स्वस्त दुरुस्ती मला तरी माहीत नाही.

धुणे आणि पुसणे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाडीचा रंग रस्त्यावर जेवढा बिघडतो, त्याहून अधिक तो घरी, सकाळच्या पुसण्यात बिघडतो. आमच्या स्टँडवरचे सगळे चालक सकाळी खांद्यावरच्या फडक्याने गाडी झटकतात, नाहीतर एका बादलीत एकच फडके पुन्हा पुन्हा बुचकळून सगळी गाडी पुसतात. दुसऱ्या बुचकळीलाच त्या बादलीत पाणी कमी आणि कच जास्त असते. बाबाही बारा वर्षे तेच करीत होते. ती त्यांची सकाळची पूजाच म्हणा ना. त्यांना हे सांगायचे कसे, हा माझ्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता. आधीच मी रंग घालवलेला. एकदा धीर करून बोललो, तर उत्तर आले, “बारा वर्सां गाडी पुसतंय मी, माका शिकवतंस?”

मग मी वाद सोडला आणि घरात पडलेली दशावताराच्या नाटकाची एक निकामी सी.डी. घेतली. तिच्या अर्ध्या भागावर अंगणातील धूळ टाकून कोरड्या फडक्याने पुसले. दुसऱ्या अर्ध्या भागावर तीच धूळ टाकली, पण आधी पाण्याने वाहू दिली आणि मग ओल्या, स्वच्छ फडक्याने टिपले. दोन्ही भाग उन्हात धरून बाबांच्या हातात दिले. एक बाजू आमच्या बॉनेटसारखी झाली होती, दुसरी जवळजवळ होती तशी. बाबांनी सी.डी. बराच वेळ फिरवून पाहिली. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत एकीशेजारी एक अशा दोन बादल्या भरून ठेवलेल्या दिसल्या.

दोन बादल्यांची रीत अशी. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा. तापल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकते आणि क्षारांचे डाग राहतात. प्रथम नुसत्या पाण्याने वरून खाली धूळ वाहून जाऊ द्यावी, यात घाई करू नये. मग एका बादलीत शांपूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. फडके शांपूत बुडवावे, एक भाग पुसावा, साध्या पाण्यात ते खळबळून पिळावे आणि मगच पुन्हा शांपूत बुडवावे. म्हणजे कच एका बादलीत राहते आणि शांपू स्वच्छ राहतो. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि अगदी शेवटी खालचा पट्टा, कारण सगळ्यांत जास्त चिखल खाली असतो. फडके खाली पडले तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे. शेवटी स्वच्छ पाणी ओतून मऊ फडक्याने टिपून घ्यावे. नुसते वाळू देऊ नये.

कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा वापरू नये. ते क्षारयुक्त असल्याने रंगावरील मेण काढून टाकतात आणि ॲल्युमिनियमला तर खातातच. भांड्यांचे लिक्विडही मेण काढते, म्हणून नवे मेण लावायच्या आधी एकदा चालेल, एरवी नको. गाडीचा शांपू नसेल, तर केसांच्या साध्या शांपूची एक पुडी बादलीभर पाण्यात पुरते. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ असते, त्याने गाडी धुऊ नये. निदान शेवटचे पाणी तरी गोड्या विहिरीचे असावे. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची टंचाई असते, तेव्हा आम्ही रोज धूत नाही. धुळीची गाडी आठवडाभर तशीच राहिली तर काही बिघडत नाही, पुसली तर बिघडते, हे आता आम्हाला पटले आहे. तेवढ्यात पाहुणे यायचे असतील, तर फक्त काचा आणि नंबरपट्टी ओल्या फडक्याने स्वच्छ करावी.

आणखी दोन सवयी सोडाव्यात. काही ठिकाणी धुतल्यावर गाडीवर डिझेल फवारतात. दोन दिवस गाडी लखलखते, परंतु त्या तेलकटपणावर सगळ्या जगाची धूळ बसते आणि दारांचे रबर फुगते. दुसरी सवय ताडपत्रीची. ओल्या किंवा धुळीच्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घातली की आत दमटपणा कोंडतो आणि वाऱ्याने ती हलत राहून रंगावर कच घासते. दसऱ्याचा हार आपण गाडीला भक्तीने घालतो. तो तसाच सुकेपर्यंत न ठेवता संध्याकाळी उतरवावा आणि कुंकवाचे ओले बोट धुऊन टाकावे. ओल्या झेंडूचा डाग पांढऱ्या रंगावर वाईट दिसतो. देवाला त्यात राग यावा असे काही नाही.

मेणाचा हात

धुण्याने नवे ओरखडे थांबतात. परंतु रंगावर काहीतरी पांघरूणही हवे. ते मेणाचे. गाडीच्या चांगल्या मेणात कारनौबा नावाचे मेण असते. ते ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडासारख्या झाडाच्या पानांवर जमते. तिथल्या कोरड्या हवेत पानातले पाणी उडून जाऊ नये, म्हणून झाड स्वतःच ते पानावर चढवते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर हे ८२ ते ८६ अंशांच्या आसपास. म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते टिकाव धरते. झाडाने पानासाठी केलेली युक्ती माणसाने गाडीसाठी घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

मेण लावण्यापूर्वी हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या रंगावरून अलगद फिरवावा. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. खरखर फार असेल तर दुकानात मिळणारी रंगाची माती, म्हणजे ‘क्ले’, भरपूर शांपूपाणी लावून वर्षातून एकदा फिरवावी. ओरखडे असतील तिथे रबिंग कंपाउंड लावतात. परंतु हे लक्षात असू द्यावे की कंपाउंड ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा रंग झिजवून त्याला बोथट करते. म्हणून ते औषधासारखे घ्यावे, जेवणासारखे नव्हे. टूथपेस्टने ओरखडे जातात असे ऐकतो, तेही हेच, थोडे झिजवणे.

मेण लावताना गाडी सावलीत, थंड आणि पूर्ण कोरडी हवी. बोटभर मेण ओलसर स्पंजवर घेऊन दोन फूट चौरस भागावर अगदी पातळ पसरावे. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. ते धुरकट झाले की बोट फिरवून पाहावे. खालचा रंग स्वच्छ दिसला तर मऊ, कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. काळ्या प्लास्टिकच्या भागांना मेण लागू देऊ नये, त्यावर पांढरे डाग राहतात. साधे मेण काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. आम्ही ते पावसाळ्याच्या तोंडावर, दसऱ्याला आणि मोहर येण्यापूर्वी असे तीनदा लावतो. दुकानात ‘सिरॅमिक’ लेप मिळतात, ते जास्त टिकतात. परंतु ते व्यवस्थित लावून घ्यायला जो खर्च येतो, तो आमच्यासारख्यांना परवडणारा नाही. आणि कोरडे फडके फिरवत राहिलात, तर त्या लेपावरही ओरखडे येतातच.

खडीने टवका गेला असेल तिथे मेण पुरत नाही. तिथला गंज काडीला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने काढावा, प्रायमरचा ठिपका द्यावा आणि तो वाळल्यावर गाडीच्या रंगाचा ठिपका काडीच्या टोकाने भरावा. ब्रशने फासू नये. रंग मिळेपर्यंत गंज थोपवायला मी बहिणीचे बिनरंगी नेलपॉलिश लावले होते. त्याबद्दल तिने दोन दिवस अबोला धरला, एवढे सोडले तर उपाय चांगला आहे.

चाकांची गोष्ट

चाकांना आम्ही सावत्र पोरासारखे वागवतो. खरे तर सगळ्यांत जास्त त्रास त्यांनाच. पुढच्या चाकांवर जास्त काळी भुकटी बसते, हे तुमच्याही लक्षात आले असेल. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढचे ब्रेक अधिक काम करतात. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे उघड्या डिस्क आणि मागे बंद ड्रम असतात. डिस्क आणि ब्रेकचे पॅड घासून निघालेले तापलेले लोखंडाचे कण रिमवर चिकटतात आणि पुढे तिथेच गंजतात. म्हणून चाके आठवड्याला धुवावीत. त्यांची बादली आणि फडके मात्र वेगळे ठेवावे. चाके आधी धुवावीत आणि मग गाडी, म्हणजे चाकांचे शिंतोडे शेवटी गाडीवर राहत नाहीत.

लांबून आल्याबरोबर तापलेल्या चाकांवर गार पाणी ओतू नये, तापलेली डिस्क एकदम थंड होऊन वाकडी होण्याचा धोका असतो. संडास साफ करायचे ॲसिड काहीजण रिमवर टाकतात. एका मिनिटात रिम चमकते, परंतु ॲसिड तिचे संरक्षक आवरण आणि धातू दोन्ही खाते. टायर काळे दिसावे म्हणून जळके ऑइल किंवा डिझेल लावणेही असेच घातक, त्याने रबर फुगते आणि खराब होते.

आमच्या गाडीला लोखंडी रिम आहेत आणि त्यावर प्लास्टिकच्या टोप्या. टोप्या काढल्या तेव्हा आत तांबडा गंज होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि बाबांनी एकेक चाक घेऊन ते रंगवले. नट जमिनीवरच थोडे सैल करून घ्यावेत, हँडब्रेक ओढावा, बाकीच्या चाकांना दगडाची उटी लावावी आणि मगच जॅक लावावा. काढलेले चाक किंवा स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवावी, म्हणजे जॅक घसरला तरी जीव वाचतो. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज काढून, पुसून, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि तो वाळल्यावर चंदेरी रंग फवारला. टायरवर रंग उडू नये म्हणून रिम आणि टायर यांच्या फटीत गोलाकार जुन्या लग्नपत्रिका खोचल्या. एवढ्या लग्नांना जेवून आलो, त्याचा असाही उपयोग झाला.

इथे एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. नट जिथे टेकतात ती जागा आणि रिमची मागची, गाडीला चिकटून बसणारी सपाट बाजू रंगवू नये. तिथे रंगाचा जाड थर असला तर तो चालताना दबतो आणि नट सैल होतात. चाक बसवताना नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. डिस्कला तेल, मेण किंवा रंग लागता कामा नये. गाडी धुतल्यावर निघताना हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून तो कोरडा करून घ्यावा. चाकाचे रूप राखताना माणूस गमावणे परवडत नाही.

हिशेब

आता खर्च सांगतो, कारण लेखाचे खरे प्रयोजन तेच. एक बादली घरची होती, दुसरी १३० रुपयांची. चार मायक्रोफायबर फडकी २४० रुपये, शांपूची बाटली २२०, मेणाचा डबा ४५०, रेड ऑक्साइड १२०, चंदेरी रंगाचे दोन फवारे ४४० आणि पॉलिश पेपर ५०. एकूण १,६५० रुपये झाले. शांपू आणि मेण वर्षभर पुरले, फडकी अजून चालू आहेत. एकट्या बॉनेटला जेवढे लागणार होते, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत सगळी गाडी आणि चारही चाके झाली. जो खर्च पावतीवर येत नाही तो वेळेचा. आठवड्याला एक तास आणि मेणाच्या दिवशी एक सकाळ. आमच्याजवळ पैशांपेक्षा तोच जास्त आहे.

बॉनेट पुन्हा नव्यासारखे झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. कंपाउंडने मी अगदी थोडे काम केले आणि थांबलो, कारण उरलेला रंग त्याहून महत्त्वाचा होता. समोरून पाहिले तर गाडी चांगली दिसते, गेल्या गणपतीत भाडीही बरी मिळाली. परंतु संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की माझ्या घासणीची वर्तुळे अजून दिसतात. बाबा त्यावरून हात फिरवतात, काही म्हणत नाहीत.

मागच्या महिन्यात मी स्टँडवर गेलो होतो. एक चालककाका कोरड्या फडक्याने गाडी झटकत होते. बाबांनी त्यांचा हात धरला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातून ती दशावताराची सी.डी. काढून उन्हात धरली. “ह्यां बघ,” ते म्हणाले, “माझ्या झिलान सांगल्यान.” मी मागे उभा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.